तीन नंबरची कॉइल

होंगअन चौकातल्या सिग्नलला आमची गाडी उभी होती आणि तिने एकदम अंग झटकल्यासारखं केलं. फार नाही. सीटच्या पाठीतून मणक्याला एक बारीकसा धक्का, मग दोन-तीन सेकंद काही नाही, मग पुन्हा एक. समोरच्या बाटलीतलं पाणी थरथरलं. गाडी मिसिंग करत होती. चारांतला एक सिलिंडर मधूनच कामाला दांडी मारत होता. हे कळायला मेकॅनिक असावं लागत नाही, नुसतं जिवंत असलं तरी पुरतं. मी बाबांकडे पाहिलं. फ्यो ग्वांग-सिक, वय चौऱ्याहत्तर, सोलच्या रस्त्यांवर अडतीस वर्षं स्वतःच्या परवान्याची टॅक्सी चालवणारा माणूस, लाल दिव्याकडे इतक्या मख्खपणे बघत होता की तो दिवा बदलणं न बदलणं जणू त्यांच्या मर्जीवर होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं आईच्या अस्थी ठेवल्या आहेत तिथे जातो, तिच्या काचेच्या कप्प्यासमोर चार मिनिटं गप्प उभे राहतो आणि गप्पच परत येतो. तसेच परतत होतो. "बाबा, गाडी मिसिंग करतेय," मी म्हणालो.

"कुठे?"

"आत्ता. हे बघा, परत."

"काही नाही करत. रस्ता उतरता आहे इथे."

उभ्या गाडीला उतारामुळे उचक्या लागतात, हे ज्ञान मला नवीनच होतं. त्यांनी उजवा हात स्टिअरिंगवरून काढला आणि मांडीखाली सरकवला, थंडी वाजत असल्यासारखा. सप्टेंबरचा महिना होता, खिडक्या उघड्या होत्या, शर्ट पाठीला चिकटत होता. मला वाटलं, हेका धरून बसलेला माणूस असाच आपल्या हातावर बसत असेल. दिवा हिरवा झाला, गाडी चालू लागली आणि चालताना ती अगदी शहाण्यासारखी चालली. थांबली की उचकी, चालली की काही नाही. घर येईपर्यंत सहा सिग्नल लागले. सहाही वेळा तेच झालं, आणि सहाही वेळा बाबांचा हात मांडीखाली होता.

मला आनंद झाला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी मला सज्जन समजायला नको. कारण माझ्या बापाचे कान ही आमच्या घरातली दंतकथा होती. गॅसपंपावर बाकीचे टॅक्सीवाले आपापल्या गाड्या त्यांच्यापुढे उभ्या करायचे, आणि हे बॉनेट न उघडता, सिगारेट न विझवता, "दोन नंबर गेलाय तुझा," असं सांगायचे, आणि तो दोन नंबरच निघायचा. लोक त्यांना कानवाला फ्यो म्हणत. त्या कौतुकाची किंमत मात्र घरच्यांनी मोजली. मी सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून परत आलो त्या वर्षी एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. बॉनेट उघडं, इंजिन चालू. त्या काळात प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपासून जाड वायर जायची. ते म्हणाले, "माझ्याकडे पाठ कर. मी एक वायर काढतो. कुठली काढली ते आवाजावरून सांग." मी पाठ केली. आवाज बदलला एवढं कळलं, चारांतला कुठला ते कळेना. म्हणालो, एक. "पुन्हा." म्हणालो, चार. "पुन्हा." एकदा त्यांनाच वायरचा शॉक बसला, तर ते हसले, आणि मला वाटलं आता संपलं. ते हसायचे थांबले आणि आजूबाजूच्या तीन ड्रायव्हरांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा कानाने बहिरा नाही. हा आतून बहिरा आहे. याला टेबलखुर्ची द्या." मला टेबलखुर्चीच मिळाली. आणि आता सत्तावीस वर्षांनी, त्यांच्याच गाडीत, त्यांच्या बुडाखाली सिलिंडर रडत होता आणि कानवाल्या फ्योला पत्ता नव्हता.

माझी टेबलखुर्ची एका विमा कंपनीत आहे. अपघात झाला की दोन्ही गाड्यांच्या काचेला लावलेल्या कॅमेऱ्यांची चित्रफीत माझ्याकडे येते, आणि चूक कुणाची किती टक्के ते मी ठरवतो. सत्तर-तीस, नव्वद-दहा. दिवसाला चाळीस फिती. माणसाविषयी आदर टिकवायचा असेल तर हे काम करू नये. प्रत्येक फितीत अपघाताच्या आधीचं बोलणंही ऐकू येतं. कोण बायकोला शिव्या घालत असतो, कोण सुरात गात असतो, कोण पोरीला फोनवर खोटं सांगत असतो की मी पोचलोच. मग आदळतात. आणि आदळल्यावर सगळे एकच वाक्य म्हणतात, अगदी सगळे: मी काय केलं? त्यात म्हाताऱ्यांच्या फिती मी ओळखतो. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतात, आणि गाडी पळते म्हणून आणखी दाबतात. गेल्या एप्रिलात अशाच एका फितीत एक आजोबा फळांच्या दुकानात शिरले. मी ती सहा वेळा पाहिली. आदळण्याआधी त्यांच्या शेजारी बसलेली बाई म्हणते, "अहो, गाडी कशी करतेय बघा," आणि ते म्हणतात, "काही नाही करत." त्या रविवारी रात्रभर मला तेच वाक्य बाबांच्या आवाजात ऐकू येत होतं. म्हणजे माझ्याकडे कारण होतं. चांगलं, जबाबदार, कुठल्याही मीटिंगमध्ये सांगता येईल असं कारण. आनंद त्याच्याखाली झाकून ठेवता येत होता.

सत्तरी ओलांडलेल्या टॅक्सीवाल्याला आमच्याकडे दरवर्षी चाचणी द्यावी लागते: नजर, लक्ष, हातापायांची चपळाई. डॉक्टरची सही मिळाली तर आणखी एक वर्ष. बाबांची चाचणी येत्या गुरुवारी मेंग डॉक्टरांकडे होती. चार वर्षं तेच सही करत आले आहेत. औषधाच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना आहे. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी तिथे गेलो. बापाला तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. कधीच नव्हती. मेंग सूप पीत होते. मी सगळं सांगितलं: गाडी थरथरत होती, सहा सिग्नलांना थरथरली, आणि ज्याने आयुष्य इंजिनावर काढलं त्याला ते जाणवलं नाही, दाखवून दिलं तरी नाही म्हणाला.

"ऐकू येतं ना त्यांना?" मेंगनी विचारलं.

"ऐकू येतं. जाणवत नाही."

"भांडलात की काय?"

"नाही हो. काळजी वाटते."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग चमचा खाली ठेवून फाइल काढली. "हे मुलाचं म्हणणं म्हणून लिहितो मी. आणि एकदा लिहिलं की मला गुरुवारी सही करता येणार नाही. मोठ्या इस्पितळात मेंदूची तपासणी होईल, तोवर गाडी बंद. या वयात एकदा बंद झालेली गाडी परत सुरू होते असं मी फारसं पाहिलेलं नाही. लिहू?"

"लिहा," मी म्हणालो. त्यांनी लिहिलं. सूप गार झालं म्हणून ते स्वतःवरच चिडले आणि मी जिना उतरलो. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर भूक लागली होती.

फक्त एक राहिलं होतं. मला पुरावा हवा होता. इस्पितळातले डॉक्टर काय ते ठरवतीलच, पण बाबांसमोर टेबलावर एक मेलेली वस्तू ठेवून "हे बघा, हे तुम्हाला कळलं नाही," असं म्हणण्याची जी मजा आहे ती इस्पितळ मला देणार नव्हतं. मंगळवारी त्यांची सुट्टी असते. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि म्हणालो, बाबा, गाडी द्या, ऑइल बदलून आणतो. वाटलं होतं, निम्मा तास वाद घालतील. आयुष्यात त्यांनी त्या गाडीला मला हात लावू दिला नव्हता. त्यांनी किल्ली काढून दिली. "घेऊन जा," म्हणाले आणि टीव्हीकडे वळले. मला तेही लक्षण वाटलं. एकदा माणसाला मोडीत काढायचं ठरवलं की त्याचं सगळंच त्यात बसतं.

गाड्यांचे सुटे भाग घ्यायचे तर चांगआनप्योंगला जायचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. भाग स्वतः विकत घ्यायचे आणि लावून घ्यायला दुसरीकडे जायचं, म्हणजे गॅरेजवाला दोन्हीकडून कापत नाही. मी तयारीनिशी गेलो होतो. आमच्या गाडीच्या मॉडेलच्या मालकांचं इंटरनेटवर एक मंडळ आहे. तिथे इंजिनसम्राट नावाने लिहिणारा एक इसम आहे. तो बहुधा कुठल्यातरी बँकेत काउंटरवर बसत असावा आणि शनिवारी बॉनेट उघडून फोटो काढत असावा. त्याच्या लिहिण्यात कॉइलना आत्मा असतो आणि प्लगना स्वभाव. त्या मंडळातल्या चार हजार पुरुषांचा मला मनापासून तिटकारा आहे. पण सोमवारी संध्याकाळी तीन तास बसून मी त्यांचं सगळं वाचलं होतं आणि फोनमध्ये यादी केली होती. प्लगला ठिणगीची वीज पुरवणाऱ्या लाल रंगाच्या जोरकस कॉइल चार, इरिडियमचे प्लग चार. गल्लीच्या दोन्ही अंगांना दुकानं, छतापर्यंत खोके, फुटपाथवर सायलेन्सरचे ढीग आणि सगळ्यावर रबराचा वास. मी ब्योनबाईंच्या दुकानात शिरलो, कारण तिथे गर्दी नव्हती. साठीची बाई, नाकावर उतरलेला चष्मा, समोर संगणक, शेजारी उकडलेल्या रताळ्याची ताटली.

"चासी नंबर," मान वर न करता ती म्हणाली.

मी फोन पुढे केला. "मला हे हवंय. लाल कॉइल."

"लाल का?"

"त्यांचा स्पार्क जोरदार असतो."

"रंगामुळे?"

तिने यादी खालपर्यंत वाचली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात मी माझीच ऑफिसातली नजर ओळखली. "गाडी कशावर चालते?"

"टॅक्सी आहे."

"मी काय विचारलं?"

"गॅसवर."

"मग हे पेट्रोलच्या गाडीचे प्लग कशाला घेताय? कुणी सांगितलं हे? इंजिनसम्राट?" तिने ते नाव घेतलं तेव्हा माझे कान तापले. "दर आठवड्याला त्याचा एक भक्त येतो इथे. अहो साहेब, गॅस कोरडा असतो, पेटायला त्रास देतो. त्याला ठिणगी जोरात लागते, म्हणून प्लगच्या टोकाची फट कमी ठेवतात. तुमच्या या प्लगची फट बघा. कॉइल बिचारी एवढी उडी मारता मारता छाती फुटून मरेल. मग परत याल आणि म्हणाल, ब्योनबाईने खराब माल दिला." तिने मागच्या फळीवरून न बघता एक खोका काढला. "हे गॅसचे. आता कॉइल. हा कंपनीचा डबा. हा कंपनीला माल पुरवतात त्यांचा, आत तेच, डब्याचे पैसे कमी. आणि हा तिसरा."

"हा कुणाचा?"

"देवाच्या भरवशाचा. हाही खपतो. लोकांचा देवावर विश्वास फार."

"एकच सिलिंडर गेलाय. एक बदलू की चारही?"

"मी विकायला बसलेय, मला काय विचारता? गाडी किती चालली?"

"तीन लाख चाळीस हजार."

"मग एक गेली म्हणजे बाकीच्या तिघी रांगेत उभ्या आहेत. चारही घ्या. आणि जुनी बाहेर काढलीत की तिच्या रबराकडे बघा, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीकडे बघा. रोग कुठे होता ते तिथे लिहिलेलं असतं. तुमचा सम्राट ते सांगत नाही, कारण त्याला वाचता येत नाही." ती संगणकाकडे वळली, मी सांगितलेला चासी नंबर टाकला आणि थांबली. "ही फ्योदादांची गाडी ना?"

मी म्हणालो, मी त्यांचा मुलगा.

"तुम्ही होय ते विम्यातले." हे ती कौतुकाने म्हणाली की कसं, कळलं नाही. "दादा स्वतः का नाही आले? त्यांना यादी लागत नाही. मागच्या महिन्यात आले होते, वायपर घेऊन गेले. एरवी तासभर बसतात, माझी कॉफी पितात, कॉफीला नावं ठेवतात. त्या दिवशी नको म्हणाले. हात खिशातून काढलाच नाही. पैसेसुद्धा डाव्या हाताने दिले. बरे आहेत ना?"

"वय झालं," मी म्हणालो. मला तो स्वर चांगला जमतो. ऑफिसात मी तो रोज वापरतो.

"वय मलाही झालंय," ती म्हणाली आणि रताळं सोलू लागली.

गाडी धुवायच्या एका मोकळ्या आवारात मी सावलीला गाडी लावली आणि इंजिनाचं वरचं झाकण काढलं. आता जाड वायरी नसतात. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एकेक कॉइल बसवलेली असते, बोटभर लांबीच्या काळ्या रबरी नळीने खाली प्लगला भिडलेली, आणि तिला वरून एक छोटा सॉकेट. इंजिन चालू ठेवून मी एक नंबरचा सॉकेट काढला. इंजिन अडखळलं. परत लावला, सुधारलं. दोन नंबरचा काढला, अडखळलं. तीन नंबरचा काढला आणि काहीच झालं नाही. आधीच मेलेल्याला आणखी काय मारणार? चार नंबरचा काढला, अडखळलं. मी तसाच ओणवा उभा राहिलो. मग का कोण जाणे, मी डोळे मिटून पुन्हा सगळे काढले आणि लावले. आता आवाजातला फरक मला ऐकू येत होता, प्रत्येकाचा वेगळा, चारही वेगळे. सत्तावीस वर्षांपूर्वी पाठ करून उभं असताना जे ऐकू आलं नव्हतं ते सगळं. तीन, मी मोठ्याने म्हणालो. शेजारी व्हॅन धुणारा माणूस म्हणाला, "काय?" मी म्हणालो, काही नाही. एकोणपन्नास वर्षांचा विमा अधिकारी एका टॅक्सीच्या बॉनेटखाली डोळे मिटून उभा होता आणि मला स्वतःची किळस आली. परीक्षा घेणारा घरी टीव्ही बघत होता. पास झालो तरी कुणाला सांगणार होतो?

इंजिन थंड व्हायची वाट पाहिली. कॉइल वळवून वर ओढल्या, प्लग काढले, नवे आधी हाताने बसवले आणि मग पान्याने पाव वळण. तीन नंबरच्या कॉइलच्या रबरावर केसाएवढी चीर होती आणि चिरेच्या कडेने तपकिरी ओरखडा. वीज तिथून बाहेर पळत होती. प्लगच्या चिनी मातीवर तसाच ओरखडा होता. ब्योनबाई म्हणाली तसं लिहिलेलं होतं आणि मला वाचता आलं. गाडी सुरू केली. आवाज असा लागला की बाटलीतलं पाणी तसूभरही हललं नाही. मी ती जुनी कॉइल चिंधीत गुंडाळून खिशात घातली आणि बाबांना फोन केला: जेवायला या, नेहमीच्या ठिकाणी.

नेहमीचं ठिकाण म्हणजे टॅक्सीवाल्यांची खानावळ. दहा मिनिटांत जेवण, भात हवा तेवढा, आणि कुणी कुणाशी गोड बोलत नाही. बाबा आले तेव्हा तिखट लावलेलं डुकराचं मांस लोखंडी तव्यावर चरचरत होतं. ते बसले. डाव्या हाताने चमचा उचलला. मी चिंधी सोडली आणि कॉइल त्यांच्या सूपाशेजारी ठेवली, रबराची चीर वर करून. हे वाक्य मी सोमवारपासून घोळवत होतो. "तीन नंबर," मी म्हणालो. "गाडी मिसिंग करत होती. तुम्ही नाही म्हणालात."

त्यांनी कॉइल उचलली. चष्मा कपाळावर चढवून चिरेवरून नख फिरवलं. मला वाटलं, आता म्हणतील, हे काही नाही, हे चालतं. ते म्हणाले, "सिग्नलला जे व्हायचं ते हिच्यामुळे?"

"मग कशामुळे?"

"आणि आता?"

"आता नाही होत. चारही बदलल्या. प्लगही."

त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. सूप तसंच टाकून ते बाहेर गेले. खानावळीच्या काचेतून मला गाडी दिसत होती. ते आत बसले, गाडी चालू केली आणि कुठेही गेले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं सैल सोडलेली, आणि नजर हातांवर. एक मिनिट, दोन मिनिटं. माझ्या कामात खोट काढतोय म्हातारा, मी मनात म्हणालो आणि मांसाचा तुकडा उलटला. पाच मिनिटं झाली. मग त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला, उलटसुलट करून पाहिला आणि त्याच हाताने तोंड पुसलं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती कशाची हे कळायच्या आत ते परत येऊन समोर बसले होते. डोळे लाल होते. त्यांनी चमचा उजव्या हातात घेतला.

"दोन महिने मला वाटत होतं की ते माझं आहे," ते म्हणाले.

"काय तुमचं?"

"थरथर. गाडी चालताना नाही. उभी राहिली की यायची. तुझ्या मोठ्या काकाचं असंच सुरू झालं होतं. काम करताना हात चांगला, आणि जरा स्वस्थ ठेवला की कापायचा. शेवटी शेवटी त्याच्या तोंडात भात आम्ही घालायचो, माहीत आहे ना तुला? मी म्हटलं, आली आपली पाळी. हातावर बसायचो मी सिग्नलला. गिऱ्हाइकाने बघू नये म्हणून."

"पण तुमच्यासारख्या माणसाला इंजिन..."

"कान गेले रे." ते अगदी सहज म्हणाले. "चार वर्षं झाली. माणसं ऐकू येतात, इंजिन नाही येत. हातानेच ओळखायचो. मग हातच कापतोय असं वाटलं तर ओळखणार कशाने? परवा तू म्हणालास, बाबा, मिसिंग करतेय, तेव्हाच मी हात मांडीखाली घातला. म्हटलं, पोराने बघितलं. गाडीचं नाव घेऊन मला सांगतोय."

तव्यावरचं मांस करपत होतं. मी रोज चाळीस फिती बघतो, माणसाचा हात कुठे होता त्यावरून त्याची चूक मोजतो, आणि सहा सिग्नल मी त्या हाताकडे बघत होतो. मला आतून बहिरा म्हणणारा माणूस बरोबरच होता की काय? या विचारानेही मला त्यांचा राग आला. अजूनही रागच आला, दुसरं काही यायला तयार नव्हतं. त्यांनी खिशातून फोन काढला. "यॉम? मी फ्यो. ते परवान्याचं राहू दे. नाही, नाही विकत. गिऱ्हाईक आलं असेल तर त्याला दुसरा बघून दे. का म्हणजे? माझी मर्जी." फोन ठेवून ते हसले. बाबांचं हसणं मी किती वर्षांनी बघत होतो, हे आठवायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. "परवाना वर्षअखेरीस विकायचा म्हणून या दलालाकडे टाकला होता," ते म्हणाले. "तुला नंतर सांगणार होतो. काकू, अजून एक तवा आणा इकडे! आणि याला भात वाढा, याने आज काम केलंय." मग माझ्याकडे वळून, जरा मान खाली घालून, "तीन नंबर कसा शोधलास?"

"सॉकेट काढून. आवाजावरून."

"आवाजावरून," ते म्हणाले आणि मान डोलावली. नुसती डोलावली. एवढ्यासाठी मी सत्तावीस वर्षं थांबलो होतो आणि ते मला घशाखाली उतरवता येईना.

"आता गुरुवारी मेंगकडे ऐटीत जातो बघ," ते सांगू लागले. "महिनाभर झोप नव्हती मला त्या चाचणीच्या विचाराने. हात समोर धरा म्हणेल तेव्हा काय करायचं? रात्री उठून आरशासमोर धरून बघायचो. नसायचा कापत, तरी वाटायचं, तिथे कापेल." मी उठलो, हात धुऊन येतो म्हणालो आणि मागच्या बोळात जाऊन दवाखान्यात फोन लावला. मेंगनी स्वतःच उचलला. मी म्हणालो, ती गाडीचीच चूक होती, कॉइल गेली होती, बाबांना सगळं जाणवत होतं, फक्त त्यांना वाटलं की आपलाच हात कापतोय. मग ते म्हणाले, "काल तुम्ही म्हणालात जाणवत नाही. आज म्हणता जाणवत होतं, पण त्यांना वाटलं आपलाच हात कापतोय. हे मी कालच्यापेक्षा बरं समजू की वाईट? लिहिलेलं मला खोडता येत नाही. त्यांना घेऊन या, त्यांच्याशी बोलू." मी फोन ठेवला. बोळात कोबी धुणारी बाई माझ्या बुटांवर पाणी उडू नये म्हणून जपत होती.

परत येऊन बसलो तेव्हा नवा तवा आला होता आणि मी ठरवलं होतं, सांगायचं. "बाबा, मी सोमवारी मेंग डॉक्टरांकडे गेलो होतो."

त्यांचा चमचा थांबला. "तू? कशाला?"

आता वाक्य नुसतं पुढे न्यायचं होतं. त्यांच्या हनुवटीला सॉस लागला होता आणि उजवा हात टेबलावर उघडा, निश्चिंत पडला होता. "रक्तदाब," मी म्हणालो. "जरा वाढलाय."

"किती?"

"थोडा."

"थोडा म्हणजे किती? आणि एकटाच गेलास? बायकोला सांगितलंस? नाही सांगितलंस. मला माहीत आहे तुझा स्वभाव, सगळं पोटात ठेवायचं." त्यांनी तव्यावरचे खारट तुकडे आपल्याकडे ओढले, आतला मऊ, कमी तिखटाचा तुकडा शोधला आणि माझ्या भातावर ठेवला. "हा खा. मीठ सोड आजपासून. आणि गुरुवारी माझ्याबरोबर चल. मी आत जाईन तेव्हा तूही आत ये. मेंग माझं ऐकतो. त्याला म्हणतो, माझं राहू दे, आधी माझ्या पोराकडे नीट बघ."

"ऑफिस आहे गुरुवारी."

"ऑफिस गेलं खड्ड्यात. येशील ना?"

मी तुकडा तोंडात घातला आणि येतो म्हणालो.